जहाज निघण्याआधी विचारलेलं बरं

या वेळच्या टपालात भोसरी, मार्केट यार्ड, तळवडे, कोथरूड, पिरंगुट अशी ठिकठिकाणची पत्रं आहेत आणि काळजी बहुतेकांची एकच आहे. नवं आर्थिक वर्ष तोंडावर आलंय, बजेटमधले दर बदललेत, युरोपने कार्बनचा कायदा लावलाय, अमेरिकेत रोज नवं काहीतरी निघतंय, आणि आपला माल मध्येच कुठेतरी आहे. मी कस्टम्स ब्रोकर, म्हणजे जुन्या नावाने सीएचए; लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देते. ऑफिस पुण्यात, निम्मा जीव न्हावा शेव्याला. उत्तरं देताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडे भरायच्या जाहीरनाम्यावर, नाव आयातदाराचं असतं, सीएचएचं नाही. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे. मालाची वर्गवारी, किंमत, मूळ देश हे सगळं तुम्ही जाहीर करता आणि चुकलं तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. त्यामुळे नियम बदलणार असं कानावर आलं की आधी आपली फाईल उघडा.

प्रश्न : भोसरीत माझं वर्कशॉप आहे. जर्मनीहून मशीनचे सुटे भाग मागवतो. ऑर्डर दिली तेव्हा ड्युटी जास्त होती, आता कमी होणार असं ऐकतोय. माल बोटीवर आहे. मला कुठला दर लागेल? दर उतरेपर्यंत क्लिअरिंग थांबवलं तर चालेल का?

ऑर्डरची तारीख, ॲडव्हान्स पाठवल्याची तारीख, बीएलची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) तारीख, यातली एकही ड्युटीच्या दरासाठी धरत नाहीत. कस्टम्स ॲक्टचं कलम १५ सांगतं की बिल ऑफ एंट्री दाखल केल्याचा दिवस आणि जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची परवानगी) मिळाल्याचा दिवस, या दोहोंत जो नंतरचा, त्या दिवसाचा दर लागतो. समजा तुम्ही २९ तारखेला आगाऊ बिल ऑफ एंट्री भरली आणि जहाजाला इनवर्ड मिळाली पुढच्या महिन्याच्या २ तारखेला, तर दर २ तारखेचा. आगाऊ भरून जुना दर पकडून ठेवता येत नाही, मग तो कमी असो की जास्त.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. कस्टम्ससाठीची किंमत १० लाख धरू. बेसिक ड्युटी ७.५ टक्के असेल तर ७५ हजार, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज ७,५००. हे सगळं मिळून झाले १०,८२,५००. त्यावर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १,९४,८५०. म्हणजे कस्टम्सला भरायचे २,७७,३५० रुपये. बेसिक ड्युटी ५ टक्के झाली तर हेच २,४४,९०० होतात. वरवर पाहता ३२,४५० वाचले. पण आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला नाहीतरी मिळणारच आहे, त्यामुळे खरी बचत २७,५०० रुपयांची. हा आकडा कागदावर मांडा आणि मगच थांबायचं का ते ठरवा.

कारण थांबणं फुकट नाही. जहाज येण्याचा आदला दिवस संपेपर्यंत बिल ऑफ एंट्री भरलेली हवी, हा नियम २०२१ पासून आहे. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये लेट फी. शिवाय शिपिंग लाइनचं डिटेंशन (कंटेनर अडकवून ठेवल्याचं शुल्क) आणि यार्डाचं भाडं वेगळं. पाच दिवस रेंगाळलात तर ३५,००० लेट फीतच गेले. सत्तावीस हजारांसाठी हे करू नका.

दर खरोखरच उतरणार याची खात्री असेल आणि माल मोठा असेल, तर कायदेशीर मार्ग बॉन्डचा आहे. माल ड्युटी न भरता बॉन्डेड वेअरहाऊसमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या परवान्याच्या गोदामात, टाकायचा आणि तिथून सोडवायचं एक्स-बॉन्ड बिल ज्या दिवशी भराल त्या दिवसाचा दर घ्यायचा. नव्वद दिवसांनंतर ड्युटीवर व्याज चालू होतं आणि गोदामाचं भाडं पहिल्या दिवसापासून. दहा लाखांच्या खेपेला मी हा सल्ला देणार नाही.

एक फरक मात्र डोक्यात पक्का ठेवा. ड्युटीचा दर बदलतो तेव्हा बीएलच्या तारखेला किंमत नसते, पण एखादी वस्तू 'फ्री'मधून (खुल्या आयातीतून) 'रिस्ट्रिक्टेड'मध्ये (परवाना लागणाऱ्या यादीत) जाते तेव्हा तीच तारीख तुम्हाला वाचवते. परकीय व्यापार धोरणात तशी तरतूद आहे: निर्बंध लागण्याआधी बीएल निघालेली असेल तर सहसा तो माल आणता येतो. त्याआधी अपरिवर्तनीय एलसी (पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र) उघडली असेल तर तीही चालते, पण ती पंधरा दिवसांत डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, विभागीय ऑफिसात नोंदवावी लागते. माणसं एलसी उघडतात आणि नोंदवायची विसरतात. बँक हे काम तुमच्यासाठी करत नाही.

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं सुक्या मेव्याचं जुनं दुकान आहे. दुबईचा व्यापारी खारीक बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावात देतोय. युएईचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनही (माल तिथलाच असल्याचा दाखला) देतो म्हणतो, त्यामुळे कराराची सवलत मिळेल असं त्याचं म्हणणं. सर्टिफिकेट खरं असलं की आमची जबाबदारी संपली ना?

नाही, संपली नाही. हे पत्र वाचून मी तुम्हाला लगेच फोन करायला सांगितलं होतं, आणि इथेही सविस्तर लिहिते आहे, कारण यार्डातल्या इतरांनाही हाच भाव आला असणार.

खारीक पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे कुठून यायची हे तुमच्या वडिलांना विचारा. फाळणीनंतरही ती सिंधमधून येत राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटी लागली आणि २ मे २०२५ पासून तिथे तयार झालेला किंवा तिथून निघालेला कुठलाही माल, थेट असो की दुसऱ्या देशातून, पूर्ण बंद झाला. 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' आयात असे शब्द अधिसूचनेतच आहेत. जून २०२५ मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर खात्याने, न्हावा शेव्याला ३९ कंटेनर पकडले, सुमारे १,११५ टन माल, दुबईमार्गे आलेला आणि कागदोपत्री युएईचा दाखवलेला. त्यात खारीकही होती आणि आयात करणाऱ्या फर्मच्या भागीदाराला अटक झाली. सर्टिफिकेट त्यांच्याकडेही असेल.

आता कराराचं बोलू. भारत-युएई करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली शेतमालाला सवलत हवी असेल तर तो त्याच देशात पिकलेला असावा लागतो. दुबईत पोती बदलली, नवं लेबल लावलं, प्रतवारी केली म्हणून खारीक युएईची होत नाही. आणि २१ सप्टेंबर २०२० पासून 'कॅरोटार' नावाचे नियम आहेत, त्याच्या पाठीशी कायद्याचं कलम २८डीए. त्यात आयातदारानेच माल कुठे पिकला, कसा तयार झाला याची माहिती आधी मिळवून ठेवायची आहे. त्यासाठी फॉर्म-१ आहे. तो भरून तुमच्याकडे ठेवायचा, पाच वर्षं जपायचा आणि अधिकाऱ्याने मागितला की द्यायचा. मार्च २०२५ पासून नियमांत 'सर्टिफिकेट'च्या जागी 'प्रूफ ऑफ ओरिजिन' असा शब्द आलाय. सर्टिफिकेट तर त्यात आहेच, पण नुसत्या सर्टिफिकेटवर विसंबायचे दिवस गेले.

त्या व्यापाऱ्याला इतकंच विचारा: बाग कुठली, कुठल्या भागातली, यंदाची तोडणी कधी झाली, पॅकिंग हाऊसचं नाव काय, बागेपासून पॅकिंग हाऊसपर्यंतची पावती दाखव. खरा युएईचा माल असेल तर हे कागद दोन दिवसांत येतात. 'तुम्ही कशाला काळजी करता, सगळे घेतात' असं उत्तर आलं तर सौदा सोडून द्या. भाव इतका खाली का, याचं कारण त्याच्याकडून येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणून मी इतकं कळकळीने सांगते आहे.

प्रश्न : तळवड्याला आमचा बोल्ट-नट बनवायचा कारखाना आहे, पस्तीस माणसं. जर्मन गिऱ्हाइकाने एक भलीमोठी एक्सेल फाईल पाठवलीय आणि 'सीबॅम'ची माहिती भरून द्या नाहीतर ऑर्डर कमी करू असं लिहिलंय. आमच्या एका ओळखीच्यांनी मालाच्या वर्गवारीचा कोड बदलून ८७०८ दाखवा, म्हणजे हे सगळं टळेल असं सुचवलं. कराच्या नोटिसा आम्हाला येतील का?

आधी शेवटचं. नोटीस तुम्हाला येणार नाही. सीबॅम हा युरोपीय संघाचा आयात मालातल्या कार्बनवर शुल्क लावणारा कायदा आहे आणि त्याची जबाबदारी तिथल्या आयातदारावर आहे. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात त्याला फक्त माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा हिशोब चालू झाला. २०२६ मध्ये आलेल्या मालातल्या कार्बनसाठीची प्रमाणपत्रं तो फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेईल आणि पहिलं वार्षिक विवरण ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत देईल. खिसा त्याचा, पण तो भाव करायला तुमच्याकडेच येणार. म्हणून ती फाईल बाजूला टाकू नका.

कोड बदलायचं मात्र मनातूनही काढून टाका. ८७०८ म्हणजे मोटारगाड्यांचे भाग. तुमचा बोल्ट गाडीला लागत असला तरी तो ७३१८ मध्येच जातो, कारण बोल्ट, नट, स्क्रू, वॉशर हे 'सर्वसाधारण वापराचे भाग' आहेत आणि टॅरिफच्या टिपांनी त्यांना गाडीच्या भागांतून स्पष्ट बाहेर काढलंय. ७३१८ सीबॅमच्या यादीत आहे, ८७०८ नाही, आणि जर्मन कस्टम्सला ही पळवाट आपल्या आधीपासून ठाऊक आहे. चुकीचा कोड दिलात तर तिकडे गिऱ्हाईक अडकेल आणि इकडे तुमचा ड्रॉबॅकचा (निर्यातीवर ड्युटी परत मिळण्याचा) दावा. ज्या गिऱ्हाइकांना तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे मशीनिंग केलेले खास भाग देता त्यांची वर्गवारी वेगळी होऊ शकते. तिथे एकेक ड्रॉइंग घेऊन बसा, एका फटक्यात सगळं एकाच कोडात कोंबू नका.

मग गिऱ्हाइकाला एक साधा प्रश्न विचारा: तुम्ही वर्षाला सगळ्या देशांतून मिळून सीबॅमचा किती माल आणता? २०२५ मधल्या दुरुस्तीनुसार वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्याला सूट आहे. हे ५० टन त्याचे, तुमचे नाहीत. तुम्ही त्याला दहाच टन देत असाल आणि तैवानहून तो दोनशे टन घेत असेल, तर तो कायद्यात आला. उलट एखादं छोटं गिऱ्हाईक विनाकारण घाबरून फाईल पाठवत असेल, तर दोघांचाही ताप वाचेल.

आता फाईल. तिचा आकार बघून दडपून जाऊ नका. पोलादाच्या मालात थेट उत्सर्जनच मोजतात, विजेचं धरत नाहीत. आणि बोल्टच्या बाबतीत कार्बनचा मोठा वाटा तुमच्या हेडिंग मशीनवर पडतच नाही, तो तुम्ही घेतलेल्या तारेत असतो. ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भंगार वितळवून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये केलेल्यामागे त्याहून बराच कमी. म्हणजे खरं काम तुमच्या तारेच्या पुरवठादाराकडे आहे. प्रत्येक कॉइलबरोबर मिल टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या ओतीचा क्रमांक, असतो. आजपासून दोन गोष्टी करा. हीट नंबर जॉब कार्डावर आणि तिथून पॅकिंग लिस्टपर्यंत न्या, म्हणजे कुठल्या तारेचा बोल्ट कुठल्या पेटीत गेला हे सांगता येईल. आणि मिलला लेखी पत्र द्या की या ग्रेडच्या, या प्लांटमधल्या मालाचा उत्सर्जनाचा पडताळणी केलेला आकडा हवा. व्यापाऱ्याकडून सुटी तार घेत असाल तर तो आकडा मिळणं अवघड आहे आणि इथेच छोट्यांची गाडी अडते. अशा वेळी थोडे पैसे जास्त देऊन थेट मिलचा माल घेणं परवडतं का, याचा हिशोब करा.

कारण आकडा दिला नाहीत तर युरोपने ठरवलेला आकडा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलाय. त्यावर २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० आणि २०२८ पासून ३० टक्के वाढ चढते. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारी कार्बनच्या मोफत कोट्याची सवलतही २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपते, आणि तिच्याबरोबर तुमच्या गिऱ्हाइकाचा बोजा वाढत जातो. म्हणून यंदा आकडा छोटा दिसला तरी हुरळून जाऊ नका. बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांना युरोपच्या सीबॅम पोर्टलवर स्वतःची नोंद करून माहिती एकदाच चढवता येते, मग प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी एक्सेल भरत बसावं लागत नाही. चार गिऱ्हाइकं युरोपात असतील तर ती नोंद करून टाका.

पस्तीस माणसांच्या कारखान्यात हे काम कुणाला द्यायचं, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. क्वालिटी बघणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. हीट नंबर, टेस्ट सर्टिफिकेट, गॅसचं बिल हे सगळं त्याच टेबलावर येतं. अकाउंट्सला देऊ नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढला, एकदाच निर्यात केली. आता नवी ऑर्डर आलीय तर पोर्टलवर 'डीॲक्टिव्हेटेड' दिसतंय. पुन्हा नवा काढायचा का?

नवा काढायचा नाही. आयईसी तुमच्या पॅनवरच असतो, दुसरा मिळणारही नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या पोर्टलवर जाऊन माहिती तपासून 'बरोबर आहे' असं कळवायचं असतं, बदल काहीही नसला तरी. ते राहिलं की कोड बंद पडतो. अपडेट केलात की पुन्हा चालू होतो. त्याच बैठकीत जीएसटीचा एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, बघा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि नव्या वर्षाचा नवा भरल्याशिवाय आयजीएसटी न भरता माल बाहेर पाठवता येत नाही. आणि ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथे बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा क्रमांक) नोंदलाय का, तेही. मागच्या वेळी सहार विमानतळाहून पाठवला होतात आणि या वेळी न्हावा शेव्याहून जाणार असेल, तर तिथली नोंद वेगळी.

मागच्या निर्यातीचे पैसे आले पण बँकेत नोंद अजून उघडी दिसते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. १० लाखांपर्यंतची नोंद आता तुमच्या लेखी घोषणेवर बंद करायची सोय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलीय. शाखेत कुणाला माहीत नसेल तर फॉरेक्स विभागाशी बोला.

प्रश्न : कोथरूडला मी घरगुती फराळ आणि सुती साड्यांचा व्यवसाय करते. अमेरिकेत गिऱ्हाइकं बरीच आहेत. गेल्या दिवाळीत पार्सलं अडकली, काही गिऱ्हाइकांनी, दारात ड्युटी मागितली गेली म्हणून, परत पाठवली. यंदा आत्तापासून काय तयारी करू?

आत्ताच विचारलंत हे फार बरं केलंत. ऑक्टोबरमध्ये विचारणाऱ्यांना मी काहीच मदत करू शकत नाही.

आधी झालं काय ते बघा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी नव्हती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. ड्युटी कुणी, कशी गोळा करायची हे स्पष्ट नव्हतं म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचं बुकिंग थांबवलं आणि ते पूर्ण सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ तारखेला. तुमची पार्सलं त्या गोंधळात सापडली.

१०० डॉलरपर्यंतची खरी भेट अजूनही ड्युटीशिवाय जाते. आईने लेकीला पाठवलेला डबा ही भेट. तुम्ही पैसे घेऊन पाठवलेला डबा ही विक्री, मग खोक्यावर 'गिफ्ट' लिहा की आणखी काही. सगळे असं लिहितात हे मला माहीत आहे. तरी लिहू नका, कारण एकदा नाव खराब झालं की तुमचं प्रत्येक खोकं उघडलं जाईल.

साड्या आणि फराळ वेगळे करा. साड्यांचं काम त्या मानाने सोपं आहे. आयईसी, जीएसटी आणि एडी कोड घेऊन कुरिअरचं कमर्शियल शिपिंग बिल, म्हणजे सीएसबी-५, करून पाठवा. टपालानेही निर्यात होते, त्यासाठी डाकघर निर्यात केंद्रं आहेत. खोक्यावर 'क्लोथ' असं मोघम न लिहिता 'कॉटन साडी, हातमाग, शंभर टक्के कापूस' असं नेमकं लिहा आणि वर्गवारीचा एचएसएन कोड घाला. अमेरिकेतले दर या वर्षभरात इतक्यांदा बदललेत की इथे आकडा छापला तर अंक तुमच्या हातात पडेपर्यंत तो शिळा होईल. पार्सल देतानाच कुरिअरवाल्याकडून त्या दिवसाची ड्युटी लेखी घ्या. आणि भाव सांगताना ड्युटीसकटचा सांगा. 'ड्युटी तुम्ही भरा' असं बारीक अक्षरात लिहून उपयोग नाही. दारात अचानक बिल आलं की माणूस खोकं परत पाठवतो, आणि परतीचं भाडं तुमच्या बोकांडी बसतं.

फराळाला ड्युटीबरोबर अमेरिकेच्या अन्न खात्याचा, एफडीएचा नियम आहे. घरी करून भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला आगाऊ सूचना लागत नाही, पण विक्रीच्या मालाला लागते, आणि जिथे तो तयार होतो त्या जागेची एफडीएकडे नोंदणी लागते. त्यासाठी तिकडचा एजंट नेमावा लागतो. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते, म्हणजे यंदा नेमकी दिवाळीच्या धांदलीत. एका घरच्या स्वयंपाकघराला हे झेपणं कठीण आहे, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. नोंदणी असलेला, एफएसएसएआय परवाना असलेला निर्यातदार गाठा आणि तुमच्या पाककृतीने त्याच्या जागेत माल करून घ्या, नाहीतर त्याच्या नावाने पाठवा. गणपती बसायच्या आत एक छोटं खोकं, चकली, शंकरपाळे आणि चिवडा, खऱ्या बिलासकट एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला पाठवून बघा. लेबल कुठे अडतं, किती ड्युटी लागते, सगळं त्यातच कळेल.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या दोन बिल ऑफ एंट्रींत समुद्री भाडं किमतीत धरायचं राहिलंय, हे आता ऑडिटची तयारी करताना दिसलं. गप्प बसावं असं भागीदार म्हणतो.

गप्प बसू नका. कायद्यात २०२५ मध्ये नवं कलम १८ए आलंय आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याचे नियम लागू आहेत. माल सुटल्यानंतरही आयातदाराला स्वतःहून नोंद दुरुस्त करून फरकाची ड्युटी व्याजासह भरता येते. ही सोय कस्टम्सने ऑडिट, झडती किंवा समन्स चालू करण्याआधीच मिळते, नंतर नाही. जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं मागे जाऊन मागणी काढता येते आणि दंड वेगळा. ड्युटी जास्त भरली गेली असेल तरी हाच रस्ता आहे, त्यामुळे दोन्ही बिलं काढलीच आहेत तर बाकीचीही चाळून घ्या.

प्रश्न : पिरंगुटच्या कंपनीत मी निर्यातीचं काम बघते. इंग्लंडशी करार झाला म्हणतात, युरोपशीही. साहेब रोज विचारतात, आपली ड्युटी शून्य कधी होणार? शिवाय २०२८ मध्ये मालाच्या वर्गवारीचे सगळे एचएस कोड बदलणार असंही ऐकलं.

साहेबांना दोन तारखा दाखवा. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांच्या एफ्टा गटाशी करारावर सही झाली १० मार्च २०२४ ला आणि तो लागू झाला १ ऑक्टोबर २०२५ ला. इंग्लंडच्या करारावर सही झाली २४ जुलै २०२५ ला. सही आणि अंमल यांत दोन्हीकडच्या मंजुरीचा काळ जातो. युरोपीय संघाच्या बाबतीत तर आत्ता वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झालीय, सही पुढेच आहे. सवलत मिळते ती करार लागू झाल्याच्या अधिसूचनेनंतर. तोवर गिऱ्हाइकाला नवा भाव कबूल करू नका.

मधल्या काळात तुमच्या हातात खरं काम आहे ते मूळ देशाच्या नियमांचं. तुमच्या मालात चीनचा किंवा कोरियाचा किती भाग आहे, तो इथे कितपत बदलतो, कोड बदलण्याइतका की नाही, हे एकेका उत्पादनासाठी लिहून ठेवा. करार लागू होईल त्या दिवशी हा कागद ज्यांच्याकडे तयार असेल त्यांचा माल पहिल्या जहाजाने सवलतीत जाईल. साधं, बिनसवलतीचं ओरिजिन सर्टिफिकेट आता डीजीएफटीच्या पोर्टलवरूनच निघतं, मराठा चेंबरसारख्या संस्थांमार्फतही.

एचएस २०२८ बद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. जागतिक कस्टम्स संघटनेची नवी आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होते. सगळे कोड बदलत नाहीत, पण आपले आठ अंकी कोड पहिल्या सहा आंतरराष्ट्रीय अंकांवर उभे असतात, त्यामुळे वर हललं की खाली हलतं. आत्ता एकच करा: प्रत्येक उत्पादनासमोर आजचा कोड आणि तो का लावला त्याचं एका ओळीत कारण लिहा. ज्यांच्या समोर 'आधीपासून हाच वापरतो' याखेरीज काही लिहिता आलं नाही, त्या ओळी पिवळ्या करा आणि तेवढ्याच मला पाठवा. सोबत मालाचा फोटो, ड्रॉइंग आणि इनव्हॉइसमधलं वर्णन जसंच्या तसं असू द्या. पुढच्या अंकात त्यातले जमतील तितके घेईन.